दहा दिवसांचा करार

गेल्या आठवड्यात संध्याकाळचा सराव संपल्यावर एका मुलाच्या आईने मला गेटपाशी थांबवलं. मुलगा अकरावीत, उंची सहा फूट एक इंच, हात लांब, आणि सध्या डोक्यात बास्केटबॉलशिवाय काही नाही. त्याने घरी मोबाईलवर आईला एका खेळाडूचा व्हिडिओ दाखवला होता आणि त्या माउलीची झोप उडाली होती. "सर, हा ज्याचं एवढं कौतुक सांगतो, त्याला तेरा ठिकाणांहून काढलंय म्हणे. हे कसलं करिअर?"

प्रश्न रास्त होता. इंदुरात आपल्याकडे नोकरी म्हणजे एकदा लागली की निवृत्तीपर्यंत, ही समजूत अजून घट्ट आहे. त्यांना मी दहा मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तो खेळाडू म्हणजे इश स्मिथ. उंची सहा फूट, म्हणजे एनबीएच्या मानाने बुटका. एनबीए ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथे दर उन्हाळ्यात नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. २०१० च्या ड्राफ्टमध्ये ६० नावं पुकारली गेली, त्यात स्मिथचं नाव नव्हतं. तरीही तो पुढचे चौदा हंगाम खेळला आणि तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळला. ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फीनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, डेट्रॉइट, वॉशिंग्टन, शार्लट आणि तेरावा डेन्व्हर. ह्यातल्या काही संघांनी तर त्याला एकदा सोडून पुन्हा बोलावलं. त्याच्या आधी बारा संघांचा विक्रम चार जणांच्या नावावर होता. जून २०२३ मध्ये डेन्व्हरने विजेतेपद मिळवलं तेव्हा स्मिथ त्या संघात होता.

अशा खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात. ऐकल्यावर वाटतं, सतत प्रवास करणारा माणूस. पण हा शब्द 'जुर्ने' ह्या फ्रेंच शब्दावरून आला आहे, आणि त्याचा अर्थ दिवस. जुन्या युरोपात कारागिरांच्या तीन पायऱ्या असत: उमेदवार, मग जर्नीमन, मग उस्ताद. जर्नीमन म्हणजे हातात पूर्ण कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा माणूस. आपल्या सराफ्यात दिवसा गेलात तर असे कारागीर दिसतात. दागिना ते घडवतात, पाटीवर नाव पेढीचं असतं. कसब कमी म्हणून नव्हे, भांडवल आणि नाव नाही म्हणून ते दुसऱ्याच्या गादीवर बसतात. बास्केटबॉलमधल्या जर्नीमनचं तसंच आहे.

आता ह्या कारागिरांसाठी जागा किती? एनबीएत संघ ३०, प्रत्येकात पक्क्या कराराच्या जागा १५. म्हणजे ४५०. जगभरातून फक्त ४५०. एका संघाच्या १५ जणांपैकी मैदानावर एका वेळी पाच उतरतात आणि रोजच्या सामन्यात आठ-नऊ जणांना खरा वेळ मिळतो. वरचे आठ-नऊ बऱ्यापैकी स्थिर असतात. बाकच्या टोकाला ज्या सहा-सात खुर्च्या उरतात, त्यांच्यावरची माणसं बदलत राहतात. जर्नीमनची सगळी कारकीर्द ह्या खुर्च्यांवर चालते.

ह्या खुर्च्यांचं एक वेळापत्रक आहे आणि ते समजलं की निम्मं कोडं सुटतं. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. बऱ्याच जणांचा करार एका वर्षाचा, किमान पगाराचा आणि कच्चा असतो. कच्चा म्हणजे मध्येच काढलं तर उरलेले पैसे मिळत नाहीत. पण १० जानेवारीला लीगमधले असे सगळे कच्चे करार उरलेल्या हंगामासाठी आपोआप पक्के होतात. साहजिकच ज्याच्याबद्दल संघाच्या मनात किंतु असतो, त्याला त्या तारखेच्या आत मोकळं करतात. मोकळं करतानाही ४८ तास त्याचं नाव फलकावर लावल्यासारखं इतर संघांसमोर ठेवावं लागतं, म्हणून निर्णय ७ जानेवारीपर्यंत घ्यावा लागतो. आपल्याकडे संक्रांतीच्या तिळगुळाची तयारी चालू असते, त्या आठवड्यात तिकडे काही घरांत फोन वाजला की छातीत धस्स होतं.

त्याच आठवड्यात दुसरं दारही उघडतं. ५ जानेवारीपासून संघांना दहा दिवसांचे करार करता येतात. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची बोटं दुखावली, की संघ एखाद्या मोकळ्या खेळाडूला दहा दिवसांसाठी बोलावतो. त्या दहा दिवसांत तीन सामने होत नसतील तर तीन सामने होईपर्यंत करार चालतो. एका संघाला एका हंगामात त्याच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. म्हणजे वीस दिवस. त्यानंतर हंगामाच्या अखेरपर्यंत ठेवा, नाहीतर सोडा. आपल्या मध्य प्रदेशात अतिथी शिक्षक आणि संविदा कर्मचारी आहेत, त्यामुळे मुदत संपत आली की माणसाच्या पोटात काय होतं ते इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पैसे मात्र अतिथी शिक्षकासारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२३-२४ च्या हंगामात नवख्या खेळाडूला दहा दिवसांचे सुमारे ६४ हजार डॉलर मिळत, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या वर. आई हे ऐकून गप्प झाल्या. मी पुढचं सांगितलं. त्यातून केंद्राचा कर जातो, ज्या ज्या राज्यात सामना खेळला त्यातल्या बहुतेक राज्यांचा कर जातो, एजंटाचा वाटा जातो. आणि अकराव्या दिवशी मिळकत शून्य. पुढचा फोन फेब्रुवारीत येईल, की पुढच्या वर्षी, की कधीच नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

ह्या फोनची वाट बघणारे बहुतेक जण खालच्या लीगमध्ये खेळत असतात. तिचं नाव जी लीग. २०२३-२४ मध्ये तिथला पगार हंगामाला सुमारे ४० हजार डॉलर होता. मधली एक पायरीही आहे, दुहेरी करार. प्रत्येक संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात. ते खालच्या लीगमध्ये खेळतात, गरज पडली की वर येतात, आणि वरच्या संघासोबत त्यांना जास्तीत जास्त ५० सामनेच करता येतात. पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा.

आंद्रे इंग्रामची गोष्ट मला इथे सांगायलाच हवी, कारण माझ्या मुलांना मी ती दर वर्षी सांगतो. भौतिकशास्त्राचा पदवीधर. खालच्या लीगमध्ये दहा हंगाम खेळला. केस पांढरे व्हायला लागले होते. घर चालवायला बाजूने गणिताच्या शिकवण्या घेत होता. एप्रिल २०१८ मध्ये हंगामाचे दोन सामने उरले असताना लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला वर बोलावलं. वय ३२. १० एप्रिलला ह्यूस्टनविरुद्ध तो पहिल्यांदा एनबीएच्या मैदानावर उतरला आणि त्याने १९ गुण केले. लांबून मारलेले पाचपैकी चार आत गेले. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते.

त्या सामन्याची चित्रफीत बघताना मी गुण मोजत नाही. मी त्याचे पाय बघतो. चेंडू हातात यायच्या आधी त्याचे पाय बास्केटकडे वळलेले असतात, गुडघे वाकलेले असतात. दहा वर्षं रिकाम्या-अर्धरिकाम्या स्टेडियममध्ये केलेली तयारी त्या पायांत आहे.

आता दुसरा प्रश्न. संघ एवढे पैसे खर्चून ओळखीचाच, वय झालेला माणूस का घेतात, तरुण पोरगा का नाही? ह्याला एक नियम कारणीभूत आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. एनबीएत जितकी वर्षं जास्त, तितका किमान पगार जास्त. अशाने दहा वर्षांचा अनुभवी माणूस महाग पडेल आणि कुणी घेणार नाही. म्हणून अशा अनुभवी माणसाला एका वर्षासाठी किमान पगारावर घेतलं, तर दोन वर्षांच्या अनुभवाला जेवढा किमान पगार असतो तेवढाच संघ देतो आणि वरची रक्कम लीग सोसते. जुना माणूस नव्याच्या भावात मिळतो. हा नियम नसता तर निम्मे जर्नीमन तिशीतच घरी बसले असते. शिवाय तीन वर्षांची सेवा पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. बाकच्या टोकावरचा माणूस तिसऱ्या वर्षासाठी का धडपडतो, ते ह्यावरून कळेल.

मग अदलाबदली. ती समजायला आपला 'पासंग' हा शब्द पुरेसा आहे. तराजूची दोन पारडी सारखी करायला जो लहानसा तुकडा टाकतात तो पासंग. एनबीएत दोन संघ खेळाडूंची देवाणघेवाण करतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या पगारांची बेरीज ठरावीक मर्यादेत जुळावी लागते. मोठ्या खेळाडूच्या बदल्यात मोठा खेळाडू जातो, आणि हिशोब जुळत नसला की मधल्या पगाराचा एखादा माणूस पारड्यात टाकतात. त्याला विचारत नाहीत. बहुतेकांच्या करारात नाही म्हणायचा हक्क नसतो. ट्रेव्हर अरिझा नावाचा चांगला, विजेतेपद मिळवलेला खेळाडू नोव्हेंबर २०२० मध्ये काही दिवसांत पोर्टलंडहून ह्यूस्टन, ह्यूस्टनहून डेट्रॉइट, डेट्रॉइटहून ओक्लाहोमा सिटी असा कागदावर फिरला. त्या हंगामात ह्या तिन्ही संघांकडून तो एकही सामना खेळला नाही. मार्चमध्ये मायामीला गेला तेव्हा कुठे मैदानावर उतरला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान स्वतःच्या मर्जीने चालतो.

हे सगळं बाहेरचं झालं. ह्या माणसाचं खरं कसब कशात असतं, हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण टीव्हीवर ते दिसत नाही.

बचावातली एक साधी गोष्ट घ्या. समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन मैदानाच्या बाजूला उभा आहे. त्याचा साथीदार येऊन आपल्या बचावपटूची वाट अडवतो. अशा वेळी चेंडूवाल्याला मध्यभागी येऊ द्यायचं नाही, त्याला बाजूच्या रेघेकडे ढकलत न्यायचं, ही एक प्रसिद्ध पद्धत आहे. एका संघात तिला 'आइस' म्हणतात, दुसऱ्यात 'ब्लू', तिसऱ्यात 'डाउन'. कृती एकच, हाक वेगळी. मागून हाक ऐकू आल्यावर अर्ध्या सेकंदात पाय वळवायचे असतात. मंगळवारी नव्या शहरात उतरलेल्या माणसाला बुधवारच्या सामन्यात हे जमावं लागतं, आणि अशा हाका डझनांनी असतात.

मला ह्याचा अनुभव एकदाच आला, पण तो विसरलो नाही. मी सगळी उमेदीची वर्षं एका खात्याच्या संघाकडून खेळलो. एका वर्षी रजा घेऊन बाहेरगावच्या एका संघाकडून चार दिवसांच्या स्पर्धेला गेलो. आमच्या खात्याच्या संघात 'दोन' अशी हाक आली की पुढे दोघं, मागे तिघं असा बचाव लावायचा. त्या संघात 'दोन' म्हणजे दोघांनी मिळून चेंडूवाल्यावर झडप घालायची. हे मला आदल्या रात्री सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. सामन्यात हाक आली, माझे पाय सवयीने मागे गेले. माझा साथीदार एकटाच झडप घालायला धावला आणि त्याच्या पाठीमागून सरळ बास्केट झाली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. डोक्याला माहीत होतं, पायांना माहीत नव्हतं. इश स्मिथने हे तेरा संघांत केलं, त्यातही चेंडू घेऊन चढाई रचणाऱ्याच्या जागेवर, जिथे स्वतःच्या नव्हे तर पाचही जणांच्या जागा लक्षात ठेवाव्या लागतात.

ह्याची किंमत जाणकार मोजतात. डिसेंबर २०१५ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ तळाला होता. तरुण, उंच, गुणी पोरं होती, पण त्यांच्या हातात योग्य वेळी चेंडू देणारा कुणी नव्हता. त्यांनी न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत नवा खेळाडू निवडायचे दोन हक्क देऊन स्मिथला परत आणलं. तरीही त्या हंगामात ते ८२ पैकी १० सामनेच जिंकले, पण स्मिथला रोज भरपूर वेळ खेळायला मिळालं. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात दूरदर्शन हक्कांच्या नव्या करारामुळे प्रत्येक संघाची पगारमर्यादा सात कोटींवरून एकदम नऊ कोटी एकेचाळीस लाख डॉलरवर गेली. सगळ्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता, त्यात डेट्रॉइटने स्मिथशी तीन वर्षांचा, १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. सहा वर्षांच्या वणवणीनंतर तीन वर्षं एका गावात. नशिबाचा भाग होताच, पण दार उघडलं तेव्हा तो दारात उभा होता.

ज्यांना एनबीएत जागा मिळत नाही ते परदेशी जातात. पी. जे. टकर २००६ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला, वर्षभरात बाहेर पडला, आणि पाच वर्षं इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा खेळत राहिला. २०१२ मध्ये फीनिक्सने त्याला एनबीएत परत आणलं, २०२१ मध्ये मिलवॉकीकडून तो विजेता झाला. परदेशात करार बहुधा एका हंगामाचा, पगारासोबत राहायला घर आणि गाडी. परदेशी खेळाडू किती घ्यायचे ह्यावर पुष्कळ देशांत मर्यादा असते, म्हणून त्याच्याकडून पहिल्या सामन्यापासून गुणांची अपेक्षा असते. दोन महिने हात चालला नाही की तिकीट हातात. पगार थकवणारे क्लबही असतात, इतके की आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये अशा तंट्यांसाठी वेगळा लवाद उभा केला.

भारतीय वाचकाला ठाऊक असावं असं एक नाव म्हणजे सिम भुल्लर. कॅनडात वाढलेला, सात फूट पाच इंचांचा पंजाबी मुलगा. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. एप्रिल २०१५ मध्ये तो सॅक्रामेंटोकडून मैदानात उतरला तो दहा दिवसांच्या करारावरच. तीन सामने, मिळून काही मिनिटं. पुढे तो तैवानमध्ये खेळला. त्याच वर्षी भारतात जन्मलेल्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलं. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही.

आणि आपल्याकडे? इथे मी त्या आईंना जरा वेगळं सांगितलं. आपल्या गावाने खेळाडू पोसले आहेत, पण आश्रय देऊन. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी सी. के. नायडूंना इंदुरात आणलं, होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला. राजे गेले, त्यांच्या जागी खाती आली. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका, पोलीस. भारतातला चांगला बास्केटबॉलपटू आजही बहुधा ह्यांपैकी कुठेतरी नोकरीला असतो, सकाळी सराव, दुपारी कार्यालय, आणि जर्सी शेवटपर्यंत एकच. मीही त्यातलाच. खात्याने मला घर दिलं, मुलांची शिक्षणं झाली, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण आमच्यात कुणी जर्नीमन होऊ शकला नाही. कारागिराला पेढी बदलायला चार पेढ्या तरी हव्यात. मधे २०१५ ते २०१७ एक व्यावसायिक लीग चालली आणि थांबली. २०१७ मध्ये विशेष भृगुवंशीने ऑस्ट्रेलियात ॲडलेडशी करार केला, अमृतपाल सिंग सिडनीकडे गेला, अमज्योत सिंग जपाननंतर ओक्लाहोमा सिटीच्या खालच्या लीगमधल्या संघात पोचला. असे जण अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

म्हणून मुलाने बारावी नीट करावी, खेळाडूंच्या कोट्यातल्या चाचण्या द्याव्यात, असंच मी सांगितलं. दोन्ही रस्ते एकाच मैदानातून जातात, सराव काही वेगळा नाही.

आईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तो गणिताच्या शिकवण्या घेणारा, त्याची मुलं केवढी होती तेव्हा?" मी म्हटलं, मुली आहेत त्याला. त्या मुलाकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा सराव थोडा बदलला आहे. अंग तापलेलं असताना तो कोपऱ्यातून सुंदर मारतो. ६ मीटर ६० सेंटिमीटरवरून, तीन गुणांच्या रेघेची ती सगळ्यात जवळची जागा, आणि बाकावरून उतरलेल्या माणसाला बहुतेक वेळा तिथेच उभं करतात. आता मी त्याला आधी वीस मिनिटं बाकावर बसवतो. मोबाईल नाही, गप्पा नाहीत, फक्त समोरचा खेळ बघायचा आणि कोण काय हाक देतंय ते ऐकायचं. मग अचानक उठवतो आणि चेंडू देतो. पहिल्या दिवशी दहापैकी तीन गेले. काल चार. बाकावरून उठताना त्याची नजर अजून चेंडूकडे जाते, पाय मागून वळतात. ते आधी वळायला हवेत. उद्या पुन्हा बसवणार आहे.